चंद्रपूरची युद्धस्मृतिस्थळे

चंद्रपूर शहराच्या (जुने नाव चांदा) परकोटाच्या आत व लगत असलेली, १८१८ चा इंग्रजांचा वेढा आणि १८५८ चा गोंडांचा उठाव यांच्याशी निगडित ठिकाणे. शहर इरई व झरपट या नद्यांच्या बेचक्यात वसले असून परकोटाचा घेर सुमारे ११ किमी. भरतो. तटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. इथली युद्धाची आठवण पुतळ्यांपेक्षा दगडी तटात आणि तुरुंगातल्या एका पिंपळात राहिली आहे, म्हणून ती पायी फिरूनच पाहावी.

फेरी उत्तरेच्या जटपुरा दरवाजापासून सुरू करणे सोयीचे. दरवाजाच्या कमानीशी सिंह आणि हत्ती असे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. सिंह हत्तीच्या वरचढ दाखवला आहे. सकाळी दहानंतर खाली ऑटो आणि दुचाक्यांची इतकी दाटी होते की मान वर करून ते चिन्ह पाहायला उभे राहणेच अवघड. जाणकार म्हणूनच पहाटे निघतात.

येथून जिल्हा कारागृह जवळच आहे. हा मूळचा गोंडराजांचा राजवाडा. रघूजी भोसल्यांनी १७५१ मध्ये गोंडसत्ता संपवली, भोसल्यांनंतर इंग्रज आले आणि वाड्याचा तुरुंग झाला. याच आवारातील पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांना फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय २५ होते. बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, आजच्या अहेरी तालुक्यातील किष्टापूरचा; घराणे मोलमपल्लीच्या जमीनदारांचे. १८५७ च्या सप्टेंबरात त्यांनी ‘जंगोम सेना’ उभारली. मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतल्यावर चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ लढाई झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबूरावांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहिताकाठच्या चिचगुडी येथील तारखात्याच्या तळावरील हल्ल्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. जंगलाने साथ दिलेल्या बाबूरावांना शेवटी पकडून दिले ते शेजारच्या अहेरीच्या जमीनदारिणीने, इंग्रजांच्या दबावाखाली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. १८६० मध्ये सापडल्यावर त्यांना जन्मठेप झाली.

फासाचा दोर पुन्हापुन्हा तुटला अशी आख्यायिका गोंड समाजात सांगतात. पिंपळ मात्र आख्यायिका नाही. हिरोशिमात अणुबाँबच्या माऱ्यातून वाचलेली झाडे फलक लावून जपली आहेत आणि लोक ती पाहत फिरतात. आपल्याकडे झाडाच्या साक्षीला इतके मोल क्वचितच मिळते, त्यात हा पिंपळ अपवाद. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबूरावांचे तिकीट काढले. याच कारागृहात गैबीशाह वली यांचा दर्गा असून मोहरमला तो सर्वांसाठी खुला होतो.

पूर्वेकडे रामाळा तलावाजवळ बगड खिडकी, तिथून तटाच्या कडेने पुढे गेल्यावर अंचलेश्वर दरवाजा लागतो. दरवाजाशेजारी अंचलेश्वर मंदिर आणि गोंडराजांच्या समाध्या. त्यांत सर्वांत मोठी बीरशहाची, राणी हिराईने बांधलेली. बाहेर झरपटेपलीकडे महाकाली मंदिर आहे. चैत्रात यात्रेसाठी येणाऱ्या बहुतेकांचे या तटाकडे लक्षही जात नाही.

तटाची खरी कसोटी लागली ती मे १८१८ मध्ये. दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करणारा कर्नल अ‍ॅडम्स ९ मे रोजी चांद्यासमोर आला. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी इंग्रज फौज आत घुसली. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंह या लढाईत पडला. मराठी सत्तेच्या अखेरच्या झुंजींत आष्टी आणि कोरेगाव यांची नावे लगेच घेतली जातात, चांद्याचे क्वचितच. दक्षिणेच्या पठाणपुरा दरवाजाकडे चालताना हे खटकते. हा तट पुरापासूनही शहर राखतो असा समज आहे. प्रत्यक्षात इरई फुगली की पाणी पठाणपुऱ्याच्या भागात शिरतेच. पश्चिमेला बिनबा दरवाजाशी फेरी पूर्ण होते.

झाडोरा आणि कचऱ्याने झाकलेला परकोट १ मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने मोकळा केला. त्यांच्या हेरिटेज वॉकमुळे ही पायवाट पुन्हा रुळली. त्याआधी तटावरून चालणे म्हणजे काटेरी झुडपांशी झटापट होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आठवण पाहायची तर शहराबाहेर चिमूरला जावे लागते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, तेथे ‘भारत छोडो’ आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा किशोरवयीन मुलगा ठार झाला आणि खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना मारले. त्यानंतरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीवादी कार्यकर्ते भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना याच आंदोलनापायी त्याच ऑगस्टच्या २८ तारखेला चंद्रपुरात अटक झाली.

बाबूराव ज्या मुलखातून लढले तो अहेरी, घोट, मोलमपल्ली हा भाग २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. फाशीचा पिंपळ चंद्रपुरातच राहिला. दर २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव अभिवादनासाठी तेथे जमतात. एरवी आत जाण्यास कारागृह प्रशासनाची परवानगी लागते.