हिलशाची अडलेली वाट



मृगाचा पाऊस लागला की कोकणातल्या ओढ्यांना पाणी चढते आणि त्या पाण्याच्या उलट्या दिशेने मासे वर धाव घेतात. ‘वलगण लागली, चढणीचे मासे आले’ म्हणत माणसे टोपल्या आणि जाळी घेऊन निघतात. हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. पण ओढ्यातून नव्हे, तर गंगा, सिंधू, गोदावरी यांसारख्या महानद्यांतून शेकडो मैल वर चढणारा एक मासा आहे. बंगालात त्याला इलिश म्हणतात, गोदावरीकाठी पुलसा, तमिळनाडूत उल्लम आणि सिंधमध्ये पल्ला. पुस्तकांतून तो हिलसा या नावाने भेटतो. या माशाच्या वाटेचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

हिलसा वाढतो समुद्रात आणि खाडीत. पण अंडी घालायची तर त्याला नदीचे गोडे पाणी लागते. पावसाळ्यात नदीचा लोंढा समुद्राला मिळाला की त्याचे थवेच्या थवे नदीत शिरतात. एकेक मादी लाखांनी अंडी घालते. पिल्ले काही महिने नदीत वाढतात आणि मग समुद्राकडे परततात. म्हणजे या माशाला दोन घरे आहेत, आणि नदी हा त्या दोन घरांमधला रस्ता आहे. रस्ता तुटला की कुळी खुंटली.

हा रस्ता तुटायला सुरुवात झाली ती शेतीच्या निमित्ताने. १८३६ साली आर्थर कॉटन या इंजिनियराने कावेरीची शाखा असलेल्या कोळ्ळिडम नदीवर बंधारे घातले. पुढे १८५२ पर्यंत त्यानेच गोदावरीवर धवळेश्वरम येथे मोठा बंधारा पुरा केला. दुष्काळाने पोळलेला तो मुलूख हिरवा झाला, हे विसरून चालणार नाही. तिथले शेतकरी आजही कॉटनचे नाव आदराने घेतात. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदावरीतला पुलसा मात्र आता धवळेश्वरमच्या खाली, समुद्राकडच्या टप्प्यातच मिळतो. ‘मंगळसूत्र विकावे, पण पुलसा खावा’ अशी म्हण त्या भागात आहे. यावरून त्याचा मान आणि भाव दोन्ही कळतात!

बंधाऱ्यांमुळे माशांचे काय होते, हा प्रश्न त्या काळी कोणाला सुचलाच नाही असे नाही बरं का. फ्रान्सिस डे नावाचा लष्करी डॉक्टर माशांच्या अभ्यासाला लागला आणि पुढे हिंदुस्थान सरकारचा मत्स्यखात्याचा प्रमुख झाला. १८७३ सालच्या अहवालात त्याने बंधाऱ्यांचा हा दोष दाखवला आणि माशांना वर जायला वाट ठेवा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहिली आणि बंधारे वाढत गेले. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले, पावसाळी पूर अडला आणि कावेरीतला हिलसा जवळजवळ संपला.

सिंधची कथा आपल्या अधिक जवळची आहे, कारण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. सिंधी घरांत झुलेलालचे चित्र असते. त्यात देव ज्या माशावर बसलेला दिसतो, तो पल्ला. पल्ला नदीतून वर जातो तो सक्करजवळच्या पिराच्या दर्शनाला, अशी तिथल्या कोळ्यांची श्रद्धा. पूर्वी तो सक्करच्याही पुढे मुलतानपर्यंत जात असे. १९३२ साली सक्करचा बांध झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले होते. त्यानंतर पल्ल्याची धाव सक्करला थांबली. १९५५ साली खाली कोटरीला दुसरा बांध झाला, आणि दर्शनही चुकले.

गंगेवर हेच घडले १९७५ साली. कलकत्ता बंदर गाळाने भरू नये म्हणून गंगेचे पाणी हुगळीत वळवायचे होते. त्यासाठी फराक्का येथे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बांध घातला. शिक्षकबंधूंनी वर्गात नकाशा टांगून फराक्का जरूर दाखवावे. त्याच्या वर बिहारातली आणि उत्तर प्रदेशातली कोळ्यांची गावे आहेत. तिथे अलाहाबादपर्यंत, क्वचित त्याच्याही वर यमुनेत, हिलसा सापडत असे. बांधानंतर तो वरच्या गंगेत नावापुरता उरला. कोळ्यांच्या पावसाळी कमाईचा मोठा आधार गेला, आणि त्याची भरपाई कोणत्याही हिशेबात धरलेली नव्हती.

मग उपाय काय? अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३८ सालच्या बॉनव्हिल धरणाला पायऱ्यापायऱ्यांचे पाण्याचे जिने ठेवले. तिथला सामन मासा उड्या मारणारा, तो जिना चढतो. आपला हिलसा नाजूक. हाताळला तरी दगावतो. त्याला उडी जमत नाही. कोटरीला जिने होते, पण पल्ल्याला ते मानवले नाहीत. फराक्क्यालाही माशांसाठी खास दारे होती. त्यांनीही काम भागले नाही. परक्या माशाचा जिना आपल्या माशाला लावून भागत नाही, हा त्यातला धडा.

अलीकडे बराकपूरच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेने वेगळा मार्ग धरला आहे. बांधाखालचे जिवंत हिलसे अलगद पकडून वरच्या गंगेत सोडतात आणि काहींना खुणेचे बिल्ले लावून त्यांचा माग काढतात. बांगलादेशात आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास २२ दिवस हिलसा धरायला बंदी असते, आणि त्या काळात कोळी कुटुंबांना सरकार तांदूळ देते. बंदी घालायची तर चूल विझता कामा नये, हे तिथे ओळखले आहे. अमेरिकेत तर एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडून टाकली, आणि सामन पुन्हा वर चढू लागला.

आपल्याला सगळी धरणे पाडता येणार नाहीत. त्यांच्या पाण्यावर आपली भाकरी आहे. पण नवा बंधारा आखताना पाणी किती अडेल याबरोबर वाट कोणाची अडेल, हेही विचारता येईल. पावसाळ्यात काही दिवस दारे उघडी ठेवता येतील. आणि चढणीच्या दिवसांत आपल्या ओढ्यातला अंड्यांनी भरलेला मासा सोडून देणे, हे तर कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.