कचेरी हलते, गाव राहतं

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. राज्यातला हा छत्तिसावा जिल्हा. वय लहान, पण मुलूख जुना. माझं गाव माकुणसार याच मुलखातलं, सफाळे आणि केळव्याच्या मधलं. नकाशात ते चटकन सापडायचं नाही. पण अशा लहान गावातून पाहिलं की एक गंमत लक्षात येते. आमच्या भागात सत्तेचं ठाणं एका जागी कधी टिकलं नाही.

आधी जमीन पाहू. पश्चिमेला समुद्र आणि सुरूची बनं. त्यांच्या आड नारळी-पोफळीच्या, पानवेलींच्या वाड्या. मग खाडी, खाजण, भातशेती. पुढे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे तांदूळवाडी, काळदुर्ग, असावा हे डोंगरी किल्ले. दक्षिणेला वैतरणा. इथे वाडवळांची मराठी वेगळी, मांगेल्यांची वेगळी, वारल्यांची वेगळी आणि आम्हा मुसलमानांच्या घरातली आणखी वेगळी. कविता लिहायला बसलो की या सगळ्या बोली माझ्या कानाशी भांडतात. ते भांडण मला आवडतं.

जुन्या काळी सगळा कारभार किनाऱ्यावरून चाले. माहीम हे त्याचं मोठं नाव. मुंबईचं नव्हे, आमचं केळवे-माहीम. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ छापली, तेव्हा या किनाऱ्याच्या जुन्या आठवणी अभ्यासकांसमोर आल्या. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यावर हुमायूनचं संकट आलं होतं. त्या अडचणीत त्याने १५३४ साली वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढे दोनशे वर्षं ज्याच्या हाती किनाऱ्यावरचे कोट, त्याचाच अंमल. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली. वसईचा विजय आपण शाळेत शिकतो. पण वसईची वाट आमच्या या लहान कोटांवरून गेली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मग रेल्वे आली. १८६४ साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला. तो समुद्रापासून आत, पालघरवरून गेला. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तालुका माहीमचाच आहे आणि ठाणंही माहीमलाच. पण व्यापार, शाळा, कोर्टकचेरी हळूहळू स्टेशनाकडे सरकली, आणि तालुक्याचं नावही पालघर झालं.

म्हणूनच १४ ऑगस्ट १९४२ला लोक मोर्चा घेऊन निघाले ते पालघरच्या कचेरीवर. गोळीबार झाला. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. गावांची नावं पुन्हा वाचा. बहुतेक सगळी किनाऱ्याकडची. कचेरी आत गेली होती, पण तिला जाब विचारायला किनाराच चालत आला होता. पालघरची पाचबत्ती आजही त्यांची आठवण सांगते.

स्वातंत्र्यानंतर ठाणं पुन्हा हललं. १९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली. बोईसरला कारखाने आले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी मात्र पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना उठावं लागलं. त्या अणुभट्ट्या २००५-०६मध्ये सुरू झाल्या. दिवे लागले, पण दोन गावांची अंगणं गेली.

आता सत्तेचा डोळा पुन्हा समुद्राकडे वळला आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली होकार दिला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. बंदराने रोजगार येईल असं सांगतात, येवोही. पण ज्या पापलेटला सरकारने २०२३ साली राज्यमासा म्हणून मान दिला, त्याच्या जोरावर सातपाटीसारखी बंदरं जगली. त्या कोळ्यांनी जाळं कुठे टाकायचं, या प्रश्नाचं उत्तरही पायाभरणीइतकंच ठळक मिळायला हवं.

कचेरी माहीमहून पालघरला गेली म्हणून माहीम बुडालं नाही. वाड्या राहिल्या, पानवेली राहिल्या, माणसं राहिली. ठाणं हललं तरी गाव राहतं, हा आमचा जुना अनुभव. पोफरण-अक्करपट्टीने तो पहिल्यांदा खोटा पाडला. म्हणून सांगतो, आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून पाड्यांची, खाड्यांची, बांधांची नावं विचारून घ्या. वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी नकाशा पसरून ‘इथे काहीच नाही’ म्हणालं, तर ती वही उघडून दाखवता आली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)