खोलीमागे भाडं

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी भाडेपावत्यांचा गठ्ठा अजून सापडतो. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, पावती आजोबांच्या नावाची. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी नाव तेच, कारण ते बदलायचं तर मालकाची संमती लागते आणि संमतीला पैसे पडतात. रेशनकार्डापासून मुलाच्या शाळाप्रवेशापर्यंत हीच पावती पुढे करायची. पावतीच्या दुसऱ्या टोकाला होता मालकाचा हिशेब. घर बांधून भाड्याने देणं हा एकेकाळी या शहरातला पैसे गुंतवण्याचा हुकमी मार्ग होता.

त्याची सुरुवात गिरण्यांपासून होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअरचा सट्टा उसळला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सट्ट्यातले शेअर रद्दीच्या मोलाचे झाले. त्यात हात पोळलेल्यांना चुना-विटांची इमारत भरवशाची वाटली असेल, तर त्यात नवल नाही. दरम्यान रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसं येतच होती. पगार तुटपुंजा, पाळी पहाटेची, तेव्हा गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, पायी जाता येईल अशी जागा त्यांना हवी होती.

गुंतवणारा हिशेब करायचा तो खोलीमागे. बेटावरची जमीन महाग आणि भाडेकरूची ऐपत थोडी, म्हणजे एका खोलीवरचा खर्च जितका खाली आणता येईल तितका आणायचा. लाकडी सांगाडा, वर कौलं, समोरून एक लांब गॅलरी आणि तिच्याकडेने ओळीने दारं. जिना एक, नळ सामाईक, संडास गॅलरीच्या टोकाला. खोलीत कोपऱ्यात मोरी, चुलीपुरती जागा, डोक्यावर माळा. आज ज्या गॅलरीच्या आठवणीने लोकांचे डोळे ओलावतात, ती मुळात प्रत्येक खोलीला वेगळा जिना द्यायला नको म्हणून आली. त्या अरुंद पट्टीवर पापड वाळले, मुलं अभ्यासाला बसली, लग्नं जमली. हे सगळं राहणाऱ्यांनी आपल्या जिवावर उभं केलं. १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तोही अशाच भाडेकरूंचा.

भाडं वसूल करायला मालकाचा मेहता यायचा. बऱ्याच चाळींत मालकाचा चेहरा भाडेकरूंनी कधी पाहिलेलाच नसे. आणि एका खोलीत एकच कुटुंब राही असंही नाही. गावाकडच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी असत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची, खोली दिवसरात्र भरलेली. १९११ मध्ये पावणेदहा लाखांच्या या शहरात दोनतृतीयांशांहून अधिक माणसं एकखोली घरात राहत होती.

या हिशेबात उजेड आणि वारा कुठेच धरलेला नव्हता. त्याची किंमत १८९६ मध्ये कळली. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि थोड्याच काळात अंधाऱ्या खोल्यांची छपरं उजेडासाठी फोडली जाऊ लागली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रुंद रस्ते काढले, पण सुरुवातीची बरीच वर्षं बांधण्यापेक्षा पाडण्याचं कामच जास्त झालं. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत शिरली.

गामदेवीत मात्र काही भाडेकरूंनी वेगळा रस्ता धरला. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इथे सभासद आपल्याच संस्थेला भाडं भरत. पुढे मध्यमवर्गाने हीच वाट हजारोंनी चोखाळली, पण गिरणीकामगाराजवळ भागाचे पैसे कुठून असणार?

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि सरकारने १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा केला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या डेव्हलपमेंट खात्याने, म्हणजे बीडीडीने, स्वतःच घरमालक व्हायचं ठरवलं. वेत ५० हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी झाल्या आणि काम थांबलं. खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर वीस, चाळीत ऐंशी. भाडं कामगाराला परवडेना, त्यामुळे कित्येक वर्षं असंख्य खोल्या रिकाम्या राहिल्या. ज्या शहरात माणसं पाळीने झोपत होती तिथे सरकारी खोल्या ओस पडाव्यात, हे आज वाचतानाही जिवाला लागतं.

नंतर भाडं गोठलं. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. फाळणीच्या काळात भाडेकरूला हा मोठाच आधार होता. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं टिकला. महिन्याच्या भाड्यात वासा बदलायची सोय राहिली नाही, तेव्हा मालकाने डागडुजी सोडली. खोलीची खरी किंमत पागडीत शिरली. कायद्याला मंजूर नसलेली ही रक्कम खोली देताना मालकाच्या हातात रोख पडायची, आणि खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाला पुन्हा त्यातला हिस्सा. चाळी कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींना लाकडी टेकू लागले. काही टेकू इतकी वर्षं राहिले की मुलांना ते घराचेच खांब वाटत.

भाडे कायद्यात १९७३ मध्ये झालेल्या बदलाने तर नवा गुंतवणूकदार पुरता बिचकला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला लीव्ह-लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता परवान्यावर, राहत असलेल्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. राहणारे सुटले, पण त्यानंतर फ्लॅट भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणं लोकांना बरं वाटू लागलं. गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, जुन्या भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ दिली आणि लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळण्याची वाट सोपी केली. आज दुसरा फ्लॅट घेऊन अकरा महिन्यांच्या कराराने देणारा मध्यमवर्गीय या कायद्याच्या भरवशावर उभा आहे.

वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या भाड्याच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर, आणि तेही मालकीचं.