सोपा राऊटर, पण कोणाला सोपा?



गेल्या महिन्यात कराडला बाबांचं इंटरनेट तीन दिवस बंद होतं आणि मला ते चौथ्या दिवशी कळलं. तेही ताईचा अमेरिकेतून फोन आला म्हणून, "बाबा रविवारी व्हिडिओवर आलेच नाहीत, सगळं ठीक आहे ना?" बाबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डब्यात काहीतरी झालंय. मी हात लावला आणि आणखी बिघडलं तर? म्हटलं तू दिवाळीला येशीलच."

दिवाळीला अजून दोन महिने होते!

"तुझा तो डबा" चार वर्षांपूर्वी मीच बसवला होता. त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी टाकलं होतं. त्यात काय वाट्टेल ते करता यायचं... म्हणजे मला. बाबांना एकच करता यायचं, प्लग काढून पुन्हा लावणं. या वेळी त्याने भागलं नाही. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन गेला होता, पण त्याने मोबाईलवर पान उघडलं तर नेहमीचं दिसेना आणि पासवर्डही कोणाला ठाऊक नाही. "काका, हे आमच्यातलं नाही," म्हणून तो निघून गेला.

तेव्हा नवीन राऊटर घ्यायचं ठरलं. अट एकच, सोपा हवा. आता 'सोपा' तर प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं. हा सोपेपणा आला कुठून, हे शोधण्यात माझे दोन विकांत गेले. त्याची ही हकिगत.

सुरुवातीला घरात एक फोन, एक मोडेम आणि एक संगणक असायचा. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही असंच, डायल-अपवर. दुसरा संगणक आला की पंचाईत. आमच्यासारखे उद्योगी लोक जुन्या पीसीत दोन नेटवर्क कार्डं घालून लिनक्स टाकायचे. १९९९मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत कनेक्शन वाटून घ्यायची सोय आली, पण त्यासाठी एक संगणक कायम चालू ठेवावा लागे.

पण एका कनेक्शनवर अनेक संगणक चालतात कसे? इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या सुमारासच दिसू लागलं होतं. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी आरएफसी १६३१ लिहिला आणि त्यात नॅटची कल्पना मांडली. तिला त्यांनी स्वतःच तात्पुरता उपाय म्हटलं होतं. तीस वर्षं उलटून गेली, तो उपाय अजून घराघरात चालू आहे. आपल्याकडे तात्पुरत्या पुलांचं होतं तसंच. :)

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेत, म्हणून त्यांना नॅट असं समजावलं: समजा अख्ख्या वाड्याला बाहेर एकच पत्ता आहे. आतल्या खोल्यांचे नंबर वाड्यापुरतेच, बाहेर त्यांना काही अर्थ नाही. खोलीतून पत्र बाहेर गेलं की दारावरचा माणूस वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की वही बघून त्या खोलीत देतो. वहीत नोंद नसलेलं पत्र आलं तर? ते आत जातच नाही.

"म्हणजे पत्ता अपुरा, पण पोस्टमन ओळखीचा," बाबा म्हणाले. याहून चांगलं मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं.

आतल्या खोल्यांसाठी १९२.१६८ने सुरू होणारे वगैरे पत्ते राखून ठेवलेले आहेत, फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८नुसार. राऊटरच्या मागे १९२.१६८.१.१ छापलेलं असतं, त्याचं मूळ हे.

हे सगळं एका छोट्या डब्यात घालून घरोघर पोचवलं ते मुख्यतः लिंकसिसने. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या नवरा-बायकोने १९८८मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये काढलेली ही कंपनी. त्यांचा निळा-काळा डबा तारेने जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, पासवर्ड 'admin' नव्हे, आपल्या लिपीत लिहायचं तर 'ॲडमिन', की झालं काम. २००३मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला ही कंपनी विकत घेतली. (त्याच वर्षी त्यांच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांनी शोधून काढलं, लायसन्सपोटी कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं. म्हणजे बाबांच्या तीन दिवसांचं मूळ थेट इथे!)

ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला आणि थेट इंटरनेटला जोडलेले विंडोजचे संगणक धडाधड पडू लागले. राऊटरमागचे बरेचसे बचावले, कारण बिनबोलावलेलं पत्र वाड्यात जातच नव्हतं. नॅट काही सुरक्षेसाठी केलेलं नव्हतं, पण इथे सोपेपणासोबत सुरक्षा फुकट मिळाली. दुर्दैवाने असं फार वेळा झालं नाही.

वाय-फायचंच बघा. १९९७च्या मूळ मानकात वेप नावाचं कुलूप होतं. त्याची किल्ली म्हणजे १० किंवा २६ आकडे-अक्षरं, प्रत्येक संगणकावर हाताने टाकायची. कोण टाकणार? शिवाय ते कुलूपही तकलादू निघालं, २००१मध्येच अभ्यासकांनी ते फोडून दाखवलं. मग ग्राहकाचा फोन येऊ नये म्हणून बहुतेक राऊटर उघड्या दाराचेच विकले जायचे. लावलं की चालू, इतकं सोपं!

त्या सोपेपणाची किंमत आपल्याकडे २००८मध्ये कळली. २६ जुलैला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला. तपास पोचला नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. दुसऱ्याच कोणीतरी त्याचं वाय-फाय वापरलं होतं. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलीस उघडी नेटवर्कं शोधायला निघाले आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वाय-फाय सुरक्षित करून घ्यायला सांगितलं.

दरम्यान डब्ल्यूपीए२चं चांगलं कुलूप २००४मध्ये आलं होतं. पण लांब पासवर्ड टाकायचा कंटाळा, म्हणून २००७मध्ये डब्ल्यूपीएस आलं: बटण दाबा किंवा आठ आकडी पिन टाका. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात ना? पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि पहिले चार व पुढचे तीन वेगवेगळे तपासले जात. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, फार तर ११,००० प्रयत्न. डिसेंबर २०११मध्ये हे जाहीर झालं. संगणकाला काही तासांचं काम. हे वाचून मी कपाळावर हात मारला, कारण असला कोड मीही कधीतरी लिहिला असता. वापरणाऱ्याला चूक लवकर कळावी, एवढाच चांगला हेतू!

आणि तो 'ॲडमिन' पासवर्ड? २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असेच साठेक ठरलेले नाव-पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला करून बऱ्याच मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. पुढच्याच महिन्यात मिराईच्या एका भावंडाच्या हल्ल्यात जर्मनीतल्या डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर आडवे झाले. शेवटी सरकारं जागी झाली. सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देऊन विकायला कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून बंदी आली.

हा सगळा इतिहास वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. प्रत्येक वेळी 'सोपं' झालं ते कोणाला तरी, आणि अवघड गेलं दुसऱ्याच कोणाला. कंपनीला सोपं झालं, नवी मुंबईतल्या माणसाला अवघड गेलं. आणि मला सोपं झालं, बाबांना अवघड गेलं. मीही एक छोटी कंपनीच होतो की त्यांच्यासाठी!

त्यामुळे या वेळी निवडताना वेग आणि अँटेना मोजल्या नाहीत. एवढंच पाहिलं: पासवर्ड त्या एका डब्यापुरता वेगळा असून मागे ठळक छापलेला आहे का? अपडेट तो रात्री आपोआप घेतो का आणि कंपनी किती वर्षं ते देणार आहे? डब्ल्यूपीएस बंद करता येतं का? सगळं ठीक आहे की नाही हे एका दिव्यावरून कळतं का? आणि मुख्य म्हणजे, कंपनीच्या माणसाला तो ओळखीचा आहे का? (तुम्ही घेणार असाल तर आधी बघा, फायबरच्या डब्यातच राऊटर असतो बऱ्याचदा. मग कदाचित नवीन लागणारही नाही.)

कराडला जाऊन मी खुर्चीवर बसलो आणि हात खिशात ठेवले. सगळं बाबांनी केलं. पाऊण तास लागला. ॲपने मोबाईल नंबर विचारला तेव्हा सवयीने मी माझा सांगायला लागलो, तर त्यांनी न बोलता स्वतःचा टाकला. मग टपाल खात्यातल्या सुवाच्य अक्षरात सगळं डायरीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

परवा त्यांचा फोन आला, "काल नेट गेलं होतं रे. मीच केलं चालू." एवढं सांगायलाच फोन केला होता.

असो. पुढच्या विकांताला भेटूच.