अंगणात आलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या चाळीत लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. परंतु तो कोठून आला, हे थोड्याच भगिनींना ठाऊक असेल. म्हणून ही हकीगत.

कै. ताराबाई मोडक यांचा जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९३६ साली येथे जवळच, दादरला, शिशुविहार काढले. ते नावारूपाला आले. पण तेथे येणारी मुले बहुतेक खात्यापित्या घरची. गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न बाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, ५३ वर्षांच्या असताना, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या.

तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आले. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे आपली सातवी, होऊन त्या शिक्षिका झाल्या. आधी चांदवडकडच्या खेड्यात, मग पुण्याच्या हुजुरपागेत. बी. ए. झाल्या त्या ५१ व्या वर्षी. मीही सातवीच शिकलेली. म्हणून मला त्यांचे फार कौतुक वाटते.

बोर्डीत बालवाडी निघाली, परंतु अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले येईनात. या दोघींनी आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी व गोष्टी. साधने म्हणजे खडे, पाने, फुले. पुढे कोसबाडला वारल्यांची मुले गुरे राखीत, तर शाळा कुरणात गेली. थोरल्या मुली भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच ठिकाणी केली. तान्हे पाळण्यात आणि ताई वर्गात.

ताराबाई १९७३ साली वारल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबाडचे काम चालविले.

मैत्रिणींनो, १६० चौरस फुटांच्या खोलीत धाकट्यांना सांभाळण्यापायी शाळा सुटलेल्या आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांतली मीही एक. २०२५ साली आपल्या चाळींतील पहिल्या बिऱ्हाडांना नव्या इमारतींच्या किल्ल्या मिळाल्या. घरे मोठी झाली, याचा आनंदच आहे. पण चाळीच्या व्हरांड्यात कोणाची मुलगी शाळेला गेली नाही, हे सर्वांना दिसे. बंद दाराआड ते कसे दिसणार? म्हणून दर जूनमध्ये मंडळाच्या भगिनींनी मजले वाटून घ्यावेत आणि प्रत्येक दार ठोठवावे, एवढीच माझी विनंती.