बक्षिसी

सेवेच्या ठरलेल्या मोबदल्याखेरीज, सेवा घेणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने सेवकाला दिलेली रक्कम वा वस्तू. ‘बक्षिसी’ हा शब्द देणगी या अर्थाच्या फार्सी शब्दावरून मराठीत आला. ‘टिप’ हा इंग्रजी शब्दही बोलण्यात रूढ झाला आहे. याच अर्थाच्या आसपासचे आणखी काही शब्द मराठीत आहेत. दिवाळीसारख्या सणाला नोकरचाकरांना द्यावयाची ती पोस्त. व्यवहारात मध्यस्थाने घ्यावयाची ती दस्तुरी. काम अडू नये म्हणून हळूच हातावर ठेवली जाते ती चिरीमिरी. बक्षिसी ही काम झाल्यावर उघडपणे दिली जाते. चिरीमिरी लाचेच्या सीमेवरची असते. लोकसेवकाने कायदेशीर पारिश्रमिकाखेरीज असा लाभ घेणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार गुन्हा होता. पुढे ही तरतूद १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात समाविष्ट झाली.

वेतन आणि बक्षिसी यांतील मूळ फरक हक्काचा आहे. वेतन थकले तर ते मागता येते. बक्षिसी मिळाली नाही तर दाद मागता येत नाही. त्यामुळे ज्या व्यवसायांत सेवकाचा चरितार्थ बक्षिसीवर सोपविला जातो, तेथे त्याची मिळकत दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहते.

पाश्चात्त्य देशांतील प्रथा : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पाहुण्याने निघताना यजमानाच्या घरातील सेवकांना पैसे देण्याची रीत होती. ती पाहुण्यांना जाचक वाटू लागली व १७६० नंतरच्या दशकात ती बंद करण्याचे प्रयत्न झाले. सेवकांनी त्यांना विरोध केला. बक्षिसीसाठी फ्रेंच व जर्मन भाषांत असलेल्या शब्दांचा वाच्यार्थ ‘पिण्यासाठी पैसे’ असा आहे. मराठीतील ‘चहापाण्याला’ हा प्रयोग त्याच वळणाचा आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर ही प्रथा फैलावली. पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांवर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना अल्प वेतनावर नेमले व उरलेली भरपाई प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडली. या सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना स्थापिली आणि १९३७ मध्ये कंपनीशी वेतनाचा करार घडवून आणला. तरीही बक्षिसी मिळविणाऱ्या कामगारांसाठी वेगळे व कमी किमान वेतन अमेरिकेच्या संघीय कायद्यात राहिलेच. १९९१ पासून ते ताशी २.१३ डॉलर आहे. बक्षिसी धरूनही सर्वसाधारण किमान वेतनाइतकी रक्कम होत नसेल, तर फरक मालकाने भरून द्यावा लागतो. जपानमध्ये मात्र बक्षिसीची प्रथा रुजली नाही.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : महाराष्ट्राच्या खेड्यांत सेवेचा मोबदला शतकानुशतके बलुत्याच्या रूपाने दिला जाई. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इ. बलुतेदार वर्षभर गावाची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेत. कामाच्या महत्त्वाप्रमाणे थोरली, मधली व धाकटी अशा ओळी मानल्या जात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आले आहे. तत्त्वतः बलुते हा हक्क होता, भीक नव्हे. परंतु वाट्याचे माप शेतकऱ्याच्या हातात असे. त्याची मर्जी फिरली की पेंढी लहान होई. मर्जी अगदीच गेली, तर खळे बंद होई. हक्काचे रूप असलेला हा मोबदला प्रत्यक्षात अशा रीतीने कृपेच्या पातळीवर उतरत असे.

महार वतनाच्या प्रश्नात ही बाब विशेष स्पष्ट झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. महारांना रात्री-अपरात्री सरकारी कामासाठी राबावे लागते. त्यांच्या कामाचे तास व स्वरूप निश्चित नाही. मोबदल्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून न येता गावकऱ्यांच्या हातून बलुत्याच्या रूपाने येतो आणि गावकऱ्यांच्या मर्जीविरुद्ध वागल्यास तो अडविला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. बलुत्याऐवजी रोख रकमेची आकारणी व्हावी आणि ती सरकारमार्फत मिळावी, अशी त्यांची सूचना होती. हे विधेयक १९२९ मध्ये त्यांनी मागे घेतले; तथापि सेवेचा मोबदला निश्चित व हक्काचा असावा, हे तत्त्व त्यातून ठामपणे पुढे आले.

नाशिक परिसर : या तत्त्वाची कसोटी नाशिक जिल्ह्यात लागली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून जिल्ह्यातील अनेक खेड्यांत अस्पृश्यांवर बहिष्कार टाकण्यात आला. ज्यांचे पोट गावाच्या देण्यावर अवलंबून आहे त्यांना न्याय्य मागणी करणेही किती महागात पडते, हे त्यावरून दिसून आले. पुढे सरकारने महार वतनाच्या जमिनींवरील जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढविला. जमीन हा सेवेच्या मोबदल्याचाच भाग असल्याने ही वाढ म्हणजे वेतनातील कपात होती. तिच्या निषेधार्थ १९४१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे परिषद भरली व तीत आंबेडकरांनी मार्गदर्शन केले. अखेर कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा १९५८ चा मुंबई अधिनियम संमत झाला.

नाशिक हे तीर्थक्षेत्र असल्याने तेथे मर्जीच्या मोबदल्याचे दुसरेही रूप आढळते. पंचवटीतील रामकुंडावर स्नान, श्राद्ध, पिंडदान व अस्थिविसर्जन यांसाठी यात्रेकरू येतात. तीर्थोपाध्ये त्यांची कृत्ये करवितात आणि यजमान घराण्यांच्या वंशावळी आपल्या वह्यांतून नोंदवून ठेवतात. दक्षिणा यथाशक्ती द्यावी असा संकेत असल्याने तिचे मानही अनिश्चितच असते. तरीही दक्षिणा व बक्षिसी यांत मोठे अंतर आहे. दक्षिणा वडीलकीच्या स्थानावरील व्यक्तीस नमस्कारपूर्वक दिली जाते. बक्षिसी खालच्या मानलेल्या व्यक्तीस दिली जाते. शिवाय यजमानांवरील उपाध्यांचा हक्क वंशपरंपरागत असून घराण्यात त्याच्या वाटण्याही होत. घाटावरच्या क्षौरकर्म करणाऱ्या नाभिकाला किंवा सामान वाहणाऱ्या हमालाला असे संरक्षण नव्हते. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात (२००३, २०१५) या सर्वांच्या कमाईला मोठी भरती येते. पर्वणी सरली की ती ओसरते.

नाशिक रोड, मनमाड व इगतपुरी या स्थानकांवरील बिल्लाधारी हमालांची स्थितीही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या हमालीचे दर रेल्वे प्रशासन ठरविते, पण ते रेल्वेचे वेतनधारी सेवक नसतात. प्रवाशाकडून मिळणारी हमाली हीच त्यांची मिळकत. नाशिक रोड येथेच १९२५ पासून सरकारी प्रतिभूती मुद्रणालय आहे. तेथील कामगाराला ठराविक वेतन मिळते. जवळच्या फलाटावरील हमालाची रोजची मिळकत मात्र प्रवाशांच्या गर्दीवर ठरते. एकाच गावातील हे दोन प्रकारचे श्रम वेतन व बक्षिसी यांतील अंतर स्पष्ट करतात.

पोस्त व बोनस : दिवाळीची पोस्त हक्काच्या बोनसमध्ये कशी परिणत झाली, याचा इतिहास उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस देण्यास सुरुवात केली. १९२३ मध्ये तो देण्यास नकार मिळाल्यावर १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, कामगारांना बोनस मागण्याचा कोणताही अंमलात आणण्याजोगा हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. पुढील चार दशकांत ही भूमिका पालटली. एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालानंतर १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम संमत झाला. त्यात ठरविलेला किमान बोनस प्रथम वेतनाच्या ४ टक्के होता. तो नंतर ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या वेतनाइतका झाला. मात्र कारखान्यांखेरीज इतर आस्थापनांपैकी वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्यांनाच हा कायदा सर्वसाधारणपणे लागू झाला. लहान खाणावळीतील वाढपी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून संघटना उभारली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला.

उपाहारगृहे व कायदा : उपाहारगृहांत जेवणखाण व राहण्याची सोय हाच वेतनाचा मोठा भाग समजण्याची जुनी रीत होती. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने वेतन रोख द्यावे असा नियम घातला. शासनाची अनुज्ञा असेल तेथेच वस्तुरूप वेतन ग्राह्य धरले. महाराष्ट्रात निवासी हॉटेले व उपाहारगृहे यांतील नोकरी या कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आली आणि परिमंडळानुसार कुशल, अर्धकुशल व अकुशल कामगारांचे दर ठरविण्यात आले. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, धाबे व घरकाम यांत ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली. १९४८ च्या अधिनियमाची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

बक्षिसी हा वेतनाचा भाग आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकाने दिलेली बक्षिसी वेतनात मोडत नाही, असे मत दिले. २६ एप्रिल २०१६ रोजी आयटीसी कंपनीच्या प्राप्तिकरविषयक खटल्यातही, ग्राहकाने बिलासोबत भरलेली व हॉटेलने सेवकांना वाटलेली बक्षिसी मालकाने दिलेला पगार ठरत नाही, असा निर्णय झाला. यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. बक्षिसी ही ग्राहक व सेवक यांच्यामधील बाब होय. तिच्याकडे बोट दाखवून मालकाला आपली वेतनाची जबाबदारी टाळता येत नाही.

बिलात परस्पर ‘सेवा आकार’ जोडण्याची पद्धत यापेक्षा वेगळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी अशा सक्तीला मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. सेवा आकार मालकाच्या गल्ल्यात जातो आणि त्यातील किती भाग सेवकापर्यंत पोहोचतो, हे ग्राहकाला कळत नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने बक्षिसीची पूर्ण रक्कम कामगारांमध्ये न्याय्य रीतीने वाटण्याचे बंधन मालकांवर घातले आहे.

शिष्टाचार : महाराष्ट्रात बक्षिसीचे ठरीव प्रमाण नाही. बडीशेपेच्या बशीत परतीची नाणी ठेवणे, केशकर्तनालयात दरापेक्षा थोडे अधिक देणे, निवासगृह सोडताना खोली झाडणाऱ्याच्या हाती काही ठेवणे, दिवाळीत टपालवाला, दूधवाला व पहारेकरी यांना पोस्त देणे, हे रूढ संकेत होत. बक्षिसी सेवकाच्या हाती द्यावी, फेकू नये आणि तिच्या बदल्यात अदबीची अपेक्षा धरू नये, हा त्यांतील सभ्यतेचा भाग आहे. भ्रमणध्वनीवरून नेमकी रक्कम चुकती करण्याच्या पद्धतीमुळे सुट्या पैशांवर आधारलेली ही रीत मागे पडत आहे. दुसऱ्या बाजूस, घरपोच सेवा व भाड्याची वाहने पुरविणाऱ्या कंपन्यांच्या भ्रमणध्वनी-व्यवस्थेत बक्षिसी काम होण्यापूर्वीच मागितली जाऊ लागली. त्याबाबत २०२५ मध्ये उपर्युक्त प्राधिकरणाने एका कंपनीस नोटीसही दिली. काम होण्याआधी घेतलेली बक्षिसी ही खुशीची देणगी राहत नाही; तिला चिरीमिरीचे वळण लागते.

खळ्यावरील पेंढीपासून बशीतील नाण्यापर्यंतच्या या इतिहासात एक समान सूत्र दिसते. ज्यांना निश्चित वेतन मिळू लागले त्यांच्या लेखी बक्षिसी ही आनंदाची भर ठरली. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या लेखी ती रोजची चिंता राहिली. बक्षिसीचे मोल ती देणाऱ्याच्या खुशीत आहे, आणि घेणाऱ्याचे पोट तिच्यावर अवलंबून नसेल तेव्हाच ती खुशी निर्मळ राहते.