स्वयंचलित घरातील एलईडी दिवे : न्यूट्रल तार, डिमर आणि न विझणारा दिवा

बटन बंद केल्यानंतरही छतावरील एलईडी दिवा काजव्यासारखा मिणमिणत राहतो, ही घरात स्मार्ट स्विच बसवून घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. दिवा सदोष समजून बदलला जातो आणि नवा दिवाही तसाच मिणमिणतो. दोष बहुधा दिव्यात नसतो. तो दिवा आणि स्विच यांच्या जुळणीत असतो.

घरगुती स्वयंचलनाची सुरुवात तंतूच्या दिव्यांच्या काळात झाली. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेली ‘एक्स-१०’ ही यंत्रणा घरातील वीजतारांमधूनच १२० किलोहर्ट्झचे संकेत पाठवत असे. पुढे सीएफएल आले, तेव्हा त्यांतील इलेक्ट्रॉनिक मंडल हे संकेत शोषून घेऊ लागले किंवा त्यांत गोंगाट मिसळू लागले. आज संकेत वायफाय, झिगबी वा ब्लूटूथवरून जातात, त्यामुळे ती अडचण मागे पडली. विजेच्या प्रवाहाची अडचण मात्र राहिली.

स्मार्ट स्विच सतत जागा असतो आणि त्याला स्वतःसाठी थोडी वीज लागते. स्विचच्या पेटीत न्यूट्रल तार असेल, तर ती वीज त्याला थेट मिळते. तार नसेल, तर स्विच ‘बंद’ असतानाही दिव्यातूनच किंचित प्रवाह ओढून घेतो. ६० वॅटच्या तंतूच्या दिव्याला तो जाणवतही नसे. ९ वॅटच्या एलईडीतील संधारित्र मात्र याच प्रवाहाने हळूहळू भरते आणि दिवा क्षणभर चमकून विझतो. हेच चक्र पुन्हा पुन्हा चालते. भारतीय घरांत एक सोय आहे. आपल्याकडील बोर्डावर बटनांशेजारीच सॉकेट असते, त्यामुळे न्यूट्रल तार तिथे बहुधा आलेली असते. जिन्यावरील दुहेरी बटने किंवा पलंगाशेजारची सुटी पेटी यांत ती नसण्याची शक्यता अधिक. अशा ठिकाणी न्यूट्रलविना चालणारा स्विच आणि दिव्याला समांतर जोडायचा बायपास संधारित्र हा उपाय आहे. तो वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा. अशा स्विचवर दिवा ‘बंद’ दिसला तरी होल्डरमध्ये वीज असू शकते, म्हणून दिवा बदलण्यापूर्वी एमसीबी खाली करणे आवश्यक ठरते.

डिमरची गोष्ट थोडी वेगळी. जुने डिमर प्रत्येक अर्धलहरीचा आरंभीचा भाग कापतात आणि त्यांना नीट चालण्यासाठी किमान भार लागतो. चार-पाच एलईडी मिळूनही तो भरत नाही. मग दिवे थरथरतात, गुणगुणतात. लहरीचा शेवटचा भाग कापणारे डिमर एलईडीला अधिक मानवतात, पण दिव्यावर ‘डिमेबल’ असा उल्लेख असेल तरच. साधा सीएफएल डिमरवर लावणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणेच होय. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरसोबतही तो योग्य नाही, कारण वारंवार चालू-बंद होण्याने तो लवकर निकामी होतो. एलईडीला त्याची फारशी बाधा होत नाही.

बचतीचा हिशेबही तपासण्याजोगा आहे. रोज पाच तास चालणाऱ्या ६० वॅटच्या दिव्याला वर्षाला सुमारे ११० युनिट लागतात, तर ९ वॅटच्या एलईडीला सुमारे साडेसोळा. आता तोच दिवा ‘स्मार्ट’ असेल आणि आज्ञेची वाट पाहताना अर्धा वॅट खात असेल, तर उरलेल्या एकोणीस तासांत वर्षाकाठी सुमारे साडेतीन युनिट आणखी जातात. खरी बचत दिवा बदलल्याने झालेली असते. स्वयंचलनामुळे तीत भर पडते ती केवळ विसरून चालू राहणाऱ्या दिव्यांपुरती. केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले, ते साधेच होते.

स्मार्ट दिवा आणि स्मार्ट डिमर एकाच जोडणीत ठेवू नयेत. दिव्यातील मंडलाला पूर्ण आणि अखंड वीजपुरवठा हवा असतो. भिंतीवरील बटन कुणी बंद केले की स्मार्ट दिवा यंत्रणेच्या नकाशावरूनच नाहीसा होतो. ज्येष्ठांच्या किंवा पाहुण्यांच्या खोलीत म्हणूनच साधा एलईडी आणि स्मार्ट स्विच ही जोडी अधिक सोयीची. भारनियमन असलेल्या भागांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. वीज परत आली की अनेक स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण प्रकाशाने लागतात, मग मध्यरात्र का असेना. बहुतेक अॅपमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वस्थिती’ असा पर्याय असतो. दिवा बसवतानाच तो निवडून ठेवावा.